हरुडीच्या मातीतले अकरा गोळे: ऑर्ब्युलिना म्हटलं आणि फसलो

दांडियाबाजारचा_दगड्या · शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. एम.एस्सी. भूशास्त्र, दुसरं वर्ष, मुक्काम बडोदं.

हिवाळ्यात कच्छला फील्डला गेलो होतो. हरुडी गावाजवळच्या नाल्यात वर फुलरा चुनखडीचा पांढुरका कट्टा दिसतो आणि त्याच्याखाली हिरवट-पिवळी, तुकडे पडणारी चिकणमाती. त्या मातीचा वरचा भाग मी पिशवीत भरून आणला, अर्धा किलो असेल. घरी अगाशीवर रात्रभर धुण्याच्या सोड्यात भिजवली, दुसऱ्या दिवशी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाखाली धुतली. आईने दोनदा विचारलं, "कणीक चाळतोस का?"

वाळवून दुर्बिणीखाली घेतली तर न्युम्युलाइट्सचे (नाण्यासारख्या चपट्या जीवाश्मांचे) तुकडे, बरेच काटेरी चपटे प्रकार, आणि त्यात अकरा गोळे! एकदम गोल. खसखशीच्या दाण्याच्या निम्मे, मोजले तर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. पुस्तकातलं चित्र डोक्यात होतंच. गोल तरंगता फोराम (समुद्रातला कवचवाला एकपेशी जीव) म्हणजे ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा. सेमिनारमध्ये ठोकून दिलं.

सरांनी शांतपणे विचारलं, "माती कधीची?" म्हटलं, मध्य इओसीन. "आणि ऑर्ब्युलिना कधीपासून?" पुढचं सांगत नाही. वर्ग अजून हसतोय.

मग हे आहे काय? मोबाइल आयपीसला लावून काढलेले फोटो खाली टाकलेत, धूसर आहेत, माफ करा.

—

फतेगंज_एक्सप्रेस · शनिवार, रात्री ११:०५

अकरा म्हणजे टीम पूर्ण झाली. रैयोलीच्या डायनासोरने घातलेली छोटी अंडी नाहीत ना बघ.

(गंमत करतोय. पण उत्तर वाचायला थांबलोय.)

—

ल्युसिडा_काका · रविवार, सकाळी ६:३०

दगड्या, तुझ्या सरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. ऑर्ब्युलिना आली मायोसीनमध्ये, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी. हरुडीचा तो वरचा थर सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातवाचा मोबाइल दिसावा तसं झालं ते. असं झालं की दोनच शक्यता उरतात. एक तर मोबाइल नंतर कोणीतरी फोटोत चिकटवलाय, नाही तर तो मोबाइलच नाही, पानाचा डबा आहे.

मी तेलाच्या विहिरींची माती तीस वर्षं चाळली. नाव विचारायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी तेच सांगायचो: "गोल आहे" हे वर्णन झालं, नाव नव्हे. लाडूही गोल, गोटीही गोल.

फोटोवरून काही सांगणार नाही. मला एवढं सांग:

गोळा चकचकीत आहे की खडूसारखा मंद? सगळे अकरा सारखेच की त्यात दोन जाती दिसतात? त्यावर शिवणी दिसतात का, म्हणजे दोन कप्पे जिथे भेटतात ती रेघ? भोकं कुठे आहेत: शिवणीच्या कडेने ओळीत, की सगळ्या गोळ्यावर विखुरलेली?

आणि सर्वांत महत्त्वाचं. ती चाळणी कोणाची, आणि तुझ्या आधी तिच्यात काय धुतलं होतं?

—

दांडियाबाजारचा_दगड्या · रविवार, सकाळी ९:१५

काका, शेवटच्या प्रश्नाने पोटात गोळा आला. (बारावा.)

चाळणी एका सीनियरकडून उसनी आणली होती. आत्ता फोन करून विचारलं. त्याने तिच्यात अरबी समुद्राच्या तळाचा गाळ धुतला होता. "धुऊन ठेवली होती रे," म्हणतो.

—

ल्युसिडा_काका · रविवार, सकाळी ९:२२

धुऊन ठेवली होती. हं.

जाळीच्या विणीत अडकलेला फोराम नळाच्या पाण्याने निघत नाही. समुद्राच्या गाळात आजही जिवंत असलेली ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा भरपूर सापडते. तुझ्या अकरात काही पाहुणे असणार. पण सगळेच पाहुणे असतील असं मात्र नाही. हरुडीत स्वतःचा गोळेवाला आहे. तू आधी बघून सांग, मी नाव घेत नाही.

—

सूक्ष्मा · रविवार, सकाळी ११:४०

दगड्या, मी मूळची रावपुऱ्याची. सध्या बडोद्याबाहेर पीएच.डी. करतेय, याच वयाच्या तरंगत्या फोरामांवर. एक घरगुती युक्ती सांगते. कोरडा नमुना पांढरा-पांढऱ्यावर दिसतो, शिवणी हरवतात. खाण्याचा हिरवा रंग पाण्यात अगदी पातळ कर, तीन शून्यांच्या ब्रशच्या टोकाने एक थेंब गोळ्यावर सोड. रंग खोलगट जागी, शिवणीत आणि भोकांत जाऊन बसतो, आणि वाळताना सगळा नकाशा उमटतो. मग ब्रश ओला करून गोळा चारी बाजूंनी फिरव. एकाच बाजूने बघून फोरामचं नाव ठेवणं म्हणजे माणसाची पाठ बघून नाव ठेवणं.

शेवटचा कप्पा किती मोठा आहे आणि त्याने आधीच्यांना किती झाकलंय, हे नीट बघ. आणि शेवटच्या कप्प्याच्या बुडाशी किती भोकं आहेत तेही मोज. मोजच, "बरीच" लिहू नकोस.

—

पुणेरी_चुनखडी · रविवार, दुपारी १२:१०

अगाशी म्हणजे?

—

फतेगंज_एक्सप्रेस · रविवार, दुपारी १२:११

गच्ची हो. बडोद्यात मराठी माणूस गच्चीवर जात नाही, अगाशीवर जातो. तिथे पतंग, पापड आणि आता इओसीन.

—

दांडियाबाजारचा_दगड्या · रविवार, रात्री ९:५०

सेव उसळ खाऊन बसलो ते आत्ता उठलो. ताईंची युक्ती जबरदस्त आहे. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

गोळा क्र. ३ आणि ८: हे दोघे वेगळेच. काचेसारखे, प्रकाश आरपार जातो. शिवण एकही नाही. भोकं पूर्ण गोळ्यावर विखुरलेली आणि दोन मापांची: बारीक टोचल्यासारखी असंख्य, आणि मधेमधे ठळक गोल. रंग टाकला तर एकसारखा पसरला, कुठे बसलाच नाही.

उरलेले नऊ: मंद, जाड भिंतीचे, पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा खाचांचा. रंग टाकला आणि रेघा उमटल्या! आनंदाने आईला हाक मारली. ती बघून म्हणाली, "मोदकाच्या पाकळ्या नीट जुळल्या नाहीत की असं दिसतं."

त्या नऊपैकी पाचांत मोठे तीन कप्पे स्पष्ट दिसतात, तीन लाडू एकमेकांवर दाबून बसवल्यासारखे. गोल खरे, पण पूर्ण नाहीत. शिवणीवर मोठी भोकं, दोन किंवा तीन. एकाच्या भोकावर छोटं झाकणही आहे.

तीन जवळजवळ परिपूर्ण गोल. शेवटचा कप्पा टोपीसारखा खाली उतरलाय, आधीचे कप्पे वरच्या बाजूला बटणाएवढे उरलेत. शेवटच्या कप्प्याच्या कडेने बारीक भोकांची माळ: एकात ९ मोजली, एकात ११, तिसऱ्याची एक बाजू मातीने भरलीय. आणि वरच्या त्या बटणाभोवतीही, जुन्या कप्प्यांच्या शिवणीत, बारीक भोकं आहेत.

राहिला एक. तो ना इकडचा, ना तिकडचा.

—

ल्युसिडा_काका · सोमवार, सकाळी ६:२५

शाब्बास. असं लिहिलं की फोटो लागत नाही. आमच्या वेळी दुर्बिणीला कॅमेरा ल्युसिडा (दिसतंय ते कागदावर उतरवायला मदत करणारं भिंग) लावून पेन्सिलीने चित्र काढायचो. हाताने काढताना प्रत्येक भोकाची दखल घ्यावीच लागायची, म्हणून माझं नावही तेच पडलं.

३ आणि ८ तुझे पाहुणे. त्यातला एक सुईने फोड. हळूच. आत काय आहे ते सांग.

—

दांडियाबाजारचा_दगड्या · सोमवार, संध्याकाळी ७:०५

फोडताना श्वास रोखला होता, तरी अर्धा उडून कुठे गेला कळलं नाही. पण उरलेल्या वाटीच्या आत, तळाशी चिकटून, एक इवलंसं वेटोळं आहे! चार-पाच कप्प्यांचा चिमुकला फोराम. गोळ्याच्या आत गोळेवाला.

—

ल्युसिडा_काका · सोमवार, संध्याकाळी ७:४०

तो त्याचा लहानपणचा देह. ऑर्ब्युलिना लहान असते तेव्हा साध्या वेटोळ्याची असते. मोठी झाली की सगळं लहानपण पोटात घेऊन भोवती एक गोल कप्पा बांधते. दोन मापांची विखुरलेली भोकं आणि आत वेटोळं, म्हणजे ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा. आल्सीद दोर्बिन्यी यांनी १८३९ मध्ये नाव दिलेली. तुझं नाव बरोबर होतं रे, फक्त माती चुकली.

आता बाकीच्यांबद्दल सूक्ष्माने सांगावं. तिचं रोजचं काम आहे.

—

सूक्ष्मा · मंगळवार, रात्री १२:२०

उशीर झाला, पण विषय आवडीचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

तुझे ते तीन लाडूवाले पाच म्हणजे ग्लोबिजेरिनाथीका. मध्य आणि उत्तर इओसीनमधला हा प्रकार: जाड भिंत, गुटगुटीत बांधा, शिवणीवर जादा मुखं (तू मोजलीस ती मोठी भोकं) आणि काहींत त्या मुखांवर झाकण. जातीपर्यंत जायला मुखांचा आकार आणि बांधा दोन्ही बघावे लागतील, एवढ्यात घाई नको.

तीन परिपूर्ण गोल आणि भोकांची माळ, शिवाय बटणाभोवतीही भोकं: हा काकांचा "गोळेवाला", ऑर्ब्युलिनॉइडिस बेकमानी. त्सुनेमासा साइतो यांनी १९६२ मध्ये जपानच्या हाहाजिमा बेटावरच्या नमुन्यांवरून ही जात मांडली, तेव्हा तिला पोर्टिक्युलास्फेरा या प्रजातीत टाकलं होतं. १९६८ मध्ये तिच्यासाठी ऑर्ब्युलिनॉइडिस ही वेगळी प्रजाती केली गेली. नावातच उत्तर आहे बघ: "ऑइडिस" म्हणजे "सारखा". ऑर्ब्युलिनासारखा, म्हणजे ऑर्ब्युलिना नव्हे. तू फसलास त्याच जागी तुझ्याआधी बरेच जण फसले असणार, म्हणून नावातच पाटी लावून ठेवलीय.

दोघांचं नातं काहीही नाही. ऑर्ब्युलिना मायोसीनमध्ये प्रीऑर्ब्युलिनापासून आली. ऑर्ब्युलिनॉइडिस इओसीनमध्ये ग्लोबिजेरिनाथीकाच्या घराण्यातून, बहुधा ग्लोबिजेरिनाथीका युगानियापासून. मधे अडीच कोटी वर्षांचं अंतर. दोन घराणी वेगवेगळ्या काळात गोल व्हायला निघाली आणि गोल झाली. मात्र दार ठेवायची जागा प्रत्येकाची आपली राहिली. एकाने ती भिंतभर पसरली, दुसऱ्याने शिवणीवर ठेवली. म्हणून आकार सोड आणि दारं बघ.

राहिलेला तो एक म्हणजे युगानिया आणि बेकमानीच्या मधला असणार. त्याला तू "बेकमानीशी तुलनीय" लिही आणि पुढे जा.

—

पुणेरी_चुनखडी · मंगळवार, सकाळी १०:०५

शंका आहे, भांडण नाही. घराणं हळूहळू गोल होत गेलं असेल तर "इथपर्यंत ग्लोबिजेरिनाथीका, इथून ऑर्ब्युलिनॉइडिस" ही रेघ निसर्गाची की तुमची?

—

सूक्ष्मा · मंगळवार, सकाळी १०:५०

आमचीच. पण ती कुठे ओढायची हे लिहून ठेवलेलं असतं, म्हणून वडोदऱ्यातला आणि ट्रिनिदादमधला माणूस एकाच नमुन्याला एकच नाव देऊ शकतो. बेकमानीसाठी दोन गोष्टी हव्यात: जवळजवळ पूर्ण गोल, आणि वरच्या बाजूच्या जुन्या शिवणींवरही बारीक मुखं. एकच असेल तर नाही.

—

ल्युसिडा_काका · मंगळवार, सकाळी ११:३०

इथे मी सूक्ष्माशी अर्धाच सहमत. विहिरीवर काम करताना आम्ही तो मधला सरळ बेकमानीत टाकला असता. ड्रिलर रात्री दोन वाजता विचारतो "कुठल्या थरात आहोत?", त्याला "तुलनीय" सांगून चालत नाही.

—

सूक्ष्मा · मंगळवार, सकाळी ११:४१

काका, आणि मग तुमच्या विहिरीत तो थर जिथे हवा त्याच्या आधीच सुरू होतो. :)

—

ल्युसिडा_काका · मंगळवार, दुपारी ३:१५

हाहा. झालंय असं. एकदा नव्हे.

पण विहिरीवरून आठवलं, दगड्या, तुझ्या पाहुण्यांच्या गोष्टीशी जोडून सांगतो. १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं आणि आपल्या भागात या किड्यांना भाव आला. कारण साधं आहे. ड्रिलच्या दातांखाली दगडाचा चुरा होतो. त्यातून हाडं-शिंपले शाबूत येत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा फोराम मात्र अख्खा वर येतो.

पण त्या चुऱ्यातही पाहुणे असतात. वरच्या, तरुण थरांचे तुकडे विहिरीच्या भिंतीवरून सुटून खाली पडतात आणि खालच्या चुऱ्यात मिसळतात. म्हणून वरून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा कुठे दिसते, त्यावर आम्ही भरवसा ठेवायचो. शेवटी कुठपर्यंत दिसते यावर नाही, कारण शेवटपर्यंत वरून पडतच राहते. तरुण म्हाताऱ्यात मिसळतो, हा या धंद्याचा रोग आहे. तुझ्या चाळणीतही तेच झालं.

—

फतेगंज_एक्सप्रेस · मंगळवार, दुपारी ३:४०

काका, तुम्ही हे पुस्तकात का लिहीत नाही? मला धड भूशास्त्र येत नाही, तरी कळलं.

—

दांडियाबाजारचा_दगड्या · मंगळवार, रात्री १०:३०

दोन प्रश्न राहिले. एक, चपटे काटेरी प्रकार मी "मोरोझोव्हेला" म्हणून स्लाइडवर चिकटवलेत. बरोबर ना? दोन, बेकमानी मिळाली म्हणजे माझ्या मातीची वेळ पक्की झाली का?

—

सूक्ष्मा · बुधवार, सकाळी ८:१०

एक: पुन्हा तीच चूक! खरी मोरोझोव्हेला तुझ्या थराच्या आधीच संपली. तुझ्याकडे आहे ती तिच्या धर्तीची, अकारिनिनाच्या घराण्यातून आलेली मोरोझोव्हेलॉइडिस. कडेला काटेरी झालर असली तर बहुधा क्रॅसेटस. आधी हे सगळे मोरोझोव्हेलातच लिहायचे, २००६ मध्ये वेगळी प्रजाती झाली, म्हणून जुन्या निबंधांत जुनंच नाव सापडेल. त्यांच्याशेजारी फुगीर, चौकोनी कप्प्यांचे, पृष्ठभागावर साबुदाणा चिकटवल्यासारखे खडबडीत दिसतील, त्या अकारिनिना. पुन्हा "ऑइडिस", लक्षात ठेव. शेवटी "ऑइडिस" दिसलं की आपण आधी कशाशी तरी घोळ घातला होता असं समज.

दोन: बेकमानीचा काळ फार थोडा. फोरामांवरून पाडलेल्या काळपट्ट्यांच्या नव्या क्रमवारीत तो ई-१२, जुन्या पुस्तकांत पी-१३. दहा लाख वर्षांहून कमीच, साधारण चार कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून ती मिळाली की आम्हाला लॉटरी लागते. त्यातच मध्य इओसीनमधला तापमानाचा तो मोठा चढ येतो, समुद्र काही अंशांनी तापला होता. मात्र एक पथ्य: ती विषुववृत्ताजवळ आधी दिसते आणि दूरच्या अक्षांशांवर उशिरा, म्हणून "पहिल्यांदा दिसली" ही वेळ सगळीकडे एकच नसते. कच्छ तेव्हा विषुववृत्ताच्या बरंच जवळ होतं, उथळ समुद्राच्या काठाशी. अशा उथळ जागी तरंगते फोराम एरवी तुरळकच येतात, म्हणून तुझे तीन नमुने तसे किमती आहेत.

आणि हे नवं नाही, निराश होऊ नकोस. बी. के. सामंता यांनी १९७० मध्येच लखपत भागातल्या मध्य इओसीन तरंगत्या फोरामांवर लिहून ठेवलंय. कच्छचे फोराम तर त्याहून जुने गाजलेले. सॉवर्बींनी १८४० मध्ये इथल्या नमुन्यांवरून लायकोफ्रिस डिस्पॅन्सस मांडला, तोच आजचा डिस्कोसायक्लिना डिस्पॅन्सा. तुझ्या पिशवीत त्याचे तुकडे असतील, चाळणीच्या वरच्या भागात बघ.

—

पुणेरी_चुनखडी · बुधवार, सकाळी ९:००

मी मात्र अडून बसणार. उसन्या, गाळ लागलेल्या चाळणीतून आलेले तीन नमुने. ऑर्ब्युलिना पाहुणी ठरली, मग बेकमानी पाहुणी नाही कशावरून?

—

ल्युसिडा_काका · बुधवार, सकाळी ९:४५

चुनखडी बरोबर बोलतेय. समुद्राच्या वरच्या गाळात चार कोटी वर्षांचा फोराम सहसा नसतो, पण वाहून आलेला असूही शकतो. तर्काने सुटणार नाही, पाण्याने सुटेल.

दगड्या, पिशवीत माती उरलीय का? असेल तर अशी धू. माशांच्या दुकानातून मिथिलीन ब्लूची बाटली आण. बादलीत पातळ द्रावण कर, चाळणी त्यात बुडवून ठेव, मग धू. जाळीत अडकलेला जुना माल निळा होतो. पुढच्या नमुन्यात निळा फोराम दिसला की पाहुणा, पांढरा दिसला की घरचा. आम्ही दर नमुन्यामागे हे करायचो.

—

दांडियाबाजारचा_दगड्या · शुक्रवार, रात्री ११:५५

माती उरली होती, मुठीएवढी. आज धुतली.

निकाल: निळे चार. दोन ऑर्ब्युलिना, दोन मला ओळखू न आलेले, समुद्राचेच असणार. पांढऱ्यांत ग्लोबिजेरिनाथीका सहा. आणि एक बेकमानी, पूर्ण गोल, शेवटच्या कप्प्याच्या कडेने १२ भोकं, बटणाभोवती ४. पांढरी शुभ्र! दोनदा पाण्यात टाकून बघितली, रंगाचा मागमूस नाही.

सरांना सोमवारी दाखवतो. स्लाइडवर "ऑर्ब्युलिना" खोडून नवं लिहिलंय, खोडलेलं पुसलं मात्र नाही.

एकच अडचण. ती बादली आईची होती, पापडाच्या पिठाची. आता कायमची निळी झालीय आणि आई बोलत नाहीये. कोणाला मिथिलीन ब्लू प्लॅस्टिकवरून काढायचा उपाय माहीत असेल तर आजच सांगा, उद्या पापड आहेत.

—

ल्युसिडा_काका · शनिवार, सकाळी ६:१०

नाही निघत. नवी बादली आण. माझ्या घरी तीन निळ्या आहेत.